नंबरच्या कुलपांचे सर

आमच्या शाळेत सगळ्या कपाटांना कुलपं होती, फक्त सरांच्या कपाटाला नव्हतं. आणि सगळ्या कुलपांचे नंबर फक्त सरांना माहीत होते. मी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला वाटलं, नव्या मास्तरणीची चेष्टा चाललीये. मी तशी फटकळ, म्हणून विचारूनच टाकलं, "सर, तुमच्याच कपाटाला कुलूप का नाही?"

"काहून लावू? कुलूप पाह्यलं की चोराले वाटते, आत काही तरी हाये. माह्या कपाटात डबा हाये आन एक जुनी चप्पल. नेईन त नेईन बिचारा."

सायकलीचंही तसंच. सक्करदऱ्याच्या तलावाकडून ते सायकलवर यायचे आणि ती शाळेच्या भिंतीला टेकवून खुशाल आत जायचे. उन्हाळ्यात सदऱ्याच्या कॉलरला मागून छत्री अडकवलेली असायची. ऊन कितीही असो, ती उघडलेली मी कधी पाहिली नाही. विचारलं तर म्हणायचे, उघडली की एका हातानं सायकल चालवावी लागते, आणि अडकवलेली बरी दिसते.

शिकवायचे इतिहास, आणि सनावळ्या शिकवायचे नाहीत. पोरांना विचारायचे, "फौज निघाली खरी, पण सुभेदाराच्या घोड्याले रस्त्यात खायले काय मिळालं असंन? सांगा." पोरं सांगत बसायची आणि तास संपायचा. हेडमास्तर वैतागायचे. बोर्डाच्या पेपरात घोड्याच्या चंदीवर प्रश्न येत नाही, असं त्यांनी एकदा स्टाफ मीटिंगमध्ये सुनावलं होतं. सर "बरोबर हाये" म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी वर्गात हत्तीकडे वळले.

आता या माणसाकडे कुलपं कशी आली, ते सांगते. शाळा लहान, तिचा चपराशी किल्ल्या हरवण्यात पटाईत. कुलपं तोडून तोडून कंटाळलेल्या संस्थेच्या सेक्रेटरींनी कुठल्याशा लिलावातून नंबरची कुलपं खोकं भरून आणली. चार चाकं, प्रत्येकावर शून्य ते नऊ आकडे. योग्य नंबर जुळला की कुलूप उघडणार. उघड्या कुलपाच्या बुडाशी एक बारीक भोक होतं. त्यात टाचणी खुपसून चाकं फिरवली की नवा नंबर बसायचा. किल्लीची कटकट मिटली, असं सेक्रेटरींनी जाहीर केलं. आठवड्याभरात निम्मा स्टाफ आपापल्या कपाटासमोर तोंड पाडून उभा होता, कारण नंबर कुणालाच आठवेना. तेव्हा ठरलं की एका माणसानं सगळ्यांचे नंबर लक्षात ठेवायचे, आणि ते काम इतिहासाच्या सरांवर आलं. सनावळ्या शिकवत नाहीत, निदान आकडे तरी सांभाळतील, असा त्यात हेडमास्तरांचा टोमणा होता.

सरांनी ते काम आनंदानं घेतलं आणि एकच अट घातली. नंबर ते कुठंही लिहिणार नव्हते, फक्त ऐकणार होते. पण नुसता नंबर ऐकणार नव्हते. नंबराबरोबर त्याची गोष्टही सांगायची.

व्हरांड्यात पाण्याच्या माठाजवळ एक बाक होता. तिथं ते मधल्या सुट्टीत बसायचे. नंबर विसरलेला माणूस यायचा. सर उठून त्याचं कुलूप उघडून द्यायचे, जुना नंबर मात्र सांगायचे नाहीत. म्हणायचे, "गेला तो गेला. नवा सांगा. आन हा नंबर काहून, ते बी सांगा." पी.टी.च्या सरांचा नंबर, ते ज्या कुस्तीत हरले होते तिथल्या त्यांच्या बिल्ल्याचा होता. मराठीच्या बाईंचा नंबर म्हणजे हॉस्टेलची खोली आणि त्यांच्यासोबत तिथं राहणारी एक मैत्रीण, जिच्याशी पुढं त्या कधी बोलल्या नाहीत. हे मला त्या दोघांनीच नंतर सांगितलं, सरांकडून एक अक्षर कळलं नाही. विज्ञानाचे सर शहाणपणा करून एक-दोन-तीन-चार सांगायला गेले, तर सरांनी कुलूप त्यांच्या हातात परत दिलं. "हा तुमचा नंबर नाई. हा साऱ्याईचा हाये. काही तरी तुमचं सांगा ना बाप्पा."

विसरणाऱ्यांत हेडमास्तरांचा नंबर पहिला. दर पंधरवड्याला ते बाकावर हजर. प्रत्येक वेळी नवा नंबर, आणि प्रत्येक गोष्टीत ते शिक्षणाधिकारी होता होता राहिलेले असायचे. मी एकदा हसून म्हटलं, "सर, हेडमास्तरांची स्मरणशक्ती फारच कच्ची."

"पक्की हाये," सर म्हणाले. "ते नंबर विसरत नाईत. पण असं बसून ऐकाले दुसरं कोण हाये त्याईले?"

त्यानंतर मी पाहू लागले आणि मला पटलं. दिवाळीच्या सुट्टीनंतर, उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर त्या बाकावर जवळजवळ रांग लागायची. माणसं रिकाम्या चेहऱ्यानं यायची आणि तिथून उठताना जरा मोकळी दिसायची. सर स्वतः घरी एकटेच होते. बायको गेल्याला बरीच वर्षं झाली होती आणि मूलबाळ नव्हतं. पण मधली सुट्टी संपल्याची घंटा झाली की सगळ्यांत नाखुशीनं उठायचे ते तेच. एवढं सगळं डोक्यात साठवून हा माणूस रात्री झोपतो कसा, असं मला वाटायचं. एकही नंबर कधी चुकला नाही. सगळ्या शाळेत त्याचं कौतुक होतं, आणि सरांनाही ते आवडायचं. कुणी स्तुती केली की टोपी उगाच सारखी करायचे.

मी गणिताची शिक्षिका म्हणून नोकरीला लागले तेव्हा माझं लग्न नुकतंच झालं होतं. उमरेडच्या हातमागवाल्याची मुलगी मी, बी.एड. झालेली, सासर इतवारीत, दुकानदारांचं. पहिला नंबर सांगताना मी लग्नाची तारीख आणि महिना सांगितला, आणि थोडी लाजलेही असेन. सर म्हणाले, "सोपा हाये." यजमानांनाही मी तो कौतुकानं सांगितला होता.

पुढं काय झालं ते लांबवत नाही. सासरच्यांना सुनेची नोकरी नको होती. मला हवी होती, आणि मला दुसरं काही येतही नव्हतं. सासूबाईंनी माझं एक पुस्तक चुलीत घातलं तेव्हा मला पहिल्यांदा सर्टिफिकेटांची भीती वाटली. मॅट्रिकपासून बी.एड.पर्यंतचे कागद माझ्या ट्रंकेत होते. ते गेले असते तर मला कुणी दारात उभं केलं नसतं. नक्कल काढायला किती खेटे घालावे लागतात, ते ज्यांनी घातलेत त्यांना विचारा. मी एकेक कागद डब्याच्या पिशवीत, डब्याखाली घालून शाळेत आणू लागले आणि कपाटात ठेवू लागले. आईच्या पाटल्याही आणल्या. मग एक दिवस मधल्या सुट्टीत सरांपुढं जाऊन उभी राहिले.

"नंबर बदलायचाय सर."

"विसरल्या काय?"

"नाही."

"मंग काहून?"

मी पिशवी छातीशी धरली. सरांनी माझ्याकडं पाहिलं, मग पिशवीकडं पाहिलं. हळूच विचारलं, "जुना नंबर घरी कोणाले माहीत हाये काय?"

मी होकारार्थी मान हलवली. ते उठले, कुलूप उघडलं, टाचणी दिली आणि तोंड फिरवून उभे राहिले. मी मनात येतील ते चार आकडे बसवले आणि त्यांच्या कानात सांगितले. गोष्ट त्यांनी विचारली तेव्हा मी म्हटलं, "गोष्ट नाही सर." विज्ञानाच्या सरांना परत पाठवणारा माणूस मला परत पाठवेल, अशीच माझी खात्री होती. त्यांनी टाचणी परत घेतली आणि कॉलरमध्ये खोचली.

"बिनगोष्टीचा नंबर मले लक्षात राहत नाई बाई. आधीच सांगून ठेवतो," एवढंच म्हणाले.

मला रागच आला. माझा जीव टांगणीला लागलाय आणि यांना गोष्टीचं पडलंय, असं वाटलं.

मार्चमध्ये एका शनिवारी घरी गेले तर ट्रंक उघडी होती आणि आतलं सामान खोलीभर पसरलेलं. सोमवारपासून तुझं शाळेत जाणं बंद, असं सासऱ्यांनी सांगितलं. कागद कुठं आहेत, असं यजमानांनी विचारलं. विचारण्याची त्यांची रीत इथं लिहीत नाही. संध्याकाळी भाजी आणायला म्हणून मी निघाले आणि उमरेडच्या एस.टी.त बसले. वडिलांनी दार उघडलं, माझ्या गालाकडं पाहिलं आणि मागाजवळचा दिवा मालवला. त्या रात्री ते मागावर बसले नाहीत.

सोमवारी मला बोर्डाच्या परीक्षेची ड्यूटी दुसऱ्या शाळेत होती. मी उमरेडहून थेट तिकडं गेले. संध्याकाळी आपल्या शाळेत जाऊन कागद काढून घ्यायचे, एवढाच विचार डोक्यात होता. आमच्या शाळेत त्या दुपारी काय झालं, ते मला मराठीच्या बाईंनी सांगितलं. त्या समोर होत्या.

यजमान आणि सासरे आले, सोबत सेक्रेटरी. सेक्रेटरींची आणि सासऱ्यांची जुनी ओळख. सुनेच्या कपाटात घरचा ऐवज आहे, तो न्यायचा आहे, असं त्यांचं म्हणणं. हेडमास्तर "बसा, बसा" करत राहिले. यजमान बसले नाहीत. ते सरळ माझ्या कपाटापाशी गेले आणि सगळ्यांदेखत चाकं फिरवू लागले. नंबर माहीत आहे, आमच्या लग्नाची तारीख, असं ऐटीत म्हणाले. कुलूप उघडलं नाही. पुन्हा फिरवली. पुन्हा नाही. लग्नाची तारीख लावतोय माणूस आणि कपाट उघडत नाही, हे पाहून पी.टी.चे सर खोकल्याच्या निमित्तानं बाहेर गेले म्हणे.

मग सेक्रेटरींनी सरांना बोलावलं. "सर, या कपाटाचा नंबर सांगा."

सर म्हणाले, "विसरलो."

हेडमास्तर हसले. "सर, मजा करू नका. तुम्ही आणि विसरलात?"

"त्या बाईंनी गोष्ट नाई सांगतली. बिनगोष्टीचा नंबर. नाई राहिला लक्षात."

"आठवा."

"आठवून राहिलो ना साहेब. नाई येत."

सासरे तडकले. "तोडा कुलूप. हातोडा आणा."

"तोडा," सर म्हणाले. "फक्त या कपाटात वार्षिक परीक्षेचे गणिताचे पेपर हायेत. बाईंच्या ताब्यातले. त्याईच्या मागं कुलूप तोडलं आन उद्या पेपर फुटला अशी बोंब झाली, तर जबाब हेडमास्तरांनी द्यायचा. ते लिहून देत असतील त हातोडा मीच आणतो."

लिहून देणं हा हेडमास्तरांचा मर्मबिंदू. त्यांनी कपाळाचा घाम पुसला आणि बाई उद्या येतील, त्यांच्यासमोरच उघडू, असं म्हणून सगळ्यांना चहा मागवला. सेक्रेटरींनी चहा घेतला नाही. जाताना ते सरांना म्हणाले, "डोकं चालत नसेल तर घरी बसा आता." सर "व्हय" म्हणाले.

पेपर सुटला तेव्हा सर त्या दुसऱ्या शाळेच्या फाटकाशी सायकल धरून उभे होते. मला पाहून एवढंच बोलले, "घरी जायच्या आधी आपल्या शाळेत चला. कपाट रिकामं करा. उद्या ते लोक येऊन राहिले." मग सायकल हातात धरून ते माझ्याबरोबर चालत आले. सगळे कागद आणि पाटल्या मी पिशवीत भरल्या. सर व्हरांड्यात पाठमोरे उभे होते. दुसऱ्या दिवशी सगळी मंडळी जमली तेव्हा मी स्वतः कुलूप उघडलं. आत गणिताचे पेपर, एक डस्टर आणि खडूंची पेटी. सासऱ्यांनी खडूंची पेटीसुद्धा उलटी करून पाहिली.

मला वाटलं, संपलं. नंतरच्या आठवड्यात मराठीच्या बाई चिडून माझ्याकडं आल्या. त्या नंबर विसरल्या होत्या, बाकावर गेल्या होत्या, आणि सर म्हणाले, मलाही आठवत नाही. त्यांचं कपाट तोडावं लागलं. मग पी.टी.च्या सरांचं. मग खुद्द हेडमास्तरांचं. मधल्या सुट्टीत हळूहळू चर्चा सुरू झाली की सरांचं वय झालं. विज्ञानाचे सर डोक्याशी बोट फिरवून दाखवू लागले. उन्हाळ्याच्या सुट्टीत नंबरची कुलपं काढून किल्लीची कुलपं लावली, आणि किल्ल्या हेडमास्तरांच्या खोलीत खिळ्यांवर टांगल्या.

त्याच सुट्टीत मी उमरेडला वडिलांकडे राहून घटस्फोटासाठी कोर्टात केस घातली. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा सर बाकावर एकटे बसले होते. मी जाऊन शेजारी बसले. मला राग आवरत नव्हता, आणि तो कुणाचा होता तेही कळत नव्हतं.

"सर, हे काय चालवलंय तुम्ही? मराठीच्या बाईंचा नंबर तुम्ही विसरूच शकत नाही."

त्यांनी आजूबाजूला पाहिलं. "हळू बोला. एकाच माणसाचा नंबर विसरलो असतो, त लोक विचारतात, त्याचाच काहून विसरला? साऱ्याईचे विसरलो, त म्हणतात, म्हातारा झाला. बस. पुढं कोणी विचारत नाई."

"पण लोक काय काय बोलतात तुमच्याबद्दल."

"बोलू द्या. तुमची केस कोर्टात चालू हाये ना? सेक्रेटरींनी उद्या तिथं येऊन सांगतलं की या मास्तरानं जाणूनबुजून नंबर लपवला, त तुमचं नाव माह्यासंगं घेतीन. कशाले?" मग म्हणाले, "माहं काही गेलं नाई. फक्त आता इथं कोणी येऊन बसत नाई, एवढंच."

मला रडू आलं. मी ते लपवलं नाही, आणि त्यांनी माझ्याकडं न पाहता माठातलं पाणी ग्लासात काढून माझ्यापुढं ठेवलं. त्यानंतर मी रोज मधल्या सुट्टीत डबा घेऊन तिथं बसू लागले. आम्ही नंबरांबद्दल बोलायचो नाही. कळमेश्वरला त्यांच्या चुलत्याचा संत्र्याचा बगीचा होता, त्याबद्दल ते बोलायचे. मी मागाबद्दल बोलायचे.

पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले. कोर्टाचा निकाल लागायचा होता. शाळेच्या हजेरीपटावर माझं सासरचंच नाव होतं, आणि सेक्रेटरी भेटतील तिथं मला मुद्दाम मोठ्यानं "सूनबाई" म्हणत. मी त्याचं उत्तर देत नसे. उत्तर दिलं तर नोकरी जाईल, ही धास्ती होती, आणि नोकरीवरच सगळं उभं होतं.

निरोपाच्या कार्यक्रमात हॉलमध्ये सतरंज्या घातल्या होत्या. पहिल्या रांगेत खुर्चीवर सेक्रेटरी. हेडमास्तर भाषणात म्हणाले, सरांनी आयुष्यभर आम्हाला आठवणी दिल्या आणि शेवटी स्वतःच विसरायला लागले. सगळे हसले. सरही हसले आणि टोपी सारखी केली. मग ते बोलायला उभे राहिले. एकेकाचे आभार मानू लागले, आणि पी.टी.च्या सरांना विज्ञानाचे म्हणाले, विज्ञानाच्या सरांना ड्रॉइंगचे. हशा वाढत गेला. मी खाली सतरंजीकडं बघत बसले होते.

"आन ह्या बाई." आवाज माझ्या दिशेनं आला. "बाई, तुमचं नाव काय? मले आठवून नाई राहिलं."

हॉल पुन्हा हसला. रोज ज्यांच्या शेजारी बसून मी जेवले, ते सर मला नाव विचारत होते. सेक्रेटरी खुर्चीतून अर्धवट वळले आणि हसत म्हणाले, "अहो सर, या आपल्या इतवारीच्या सूनबाई नाही का?"

"तुमाले नाई विचारलं साहेब," सर म्हणाले. "मी त्याईले विचारून राहिलो. बाई, उभ्या राहा. पूर्ण नाव सांगा. मोठ्यानं सांगा, मले ऐकू बी कमी येते."

मी उभी राहिले. त्यांना काहीही कमी ऐकू येत नव्हतं. सगळ्या हॉलचे चेहरे माझ्याकडं होते, सेक्रेटरींचाही. मी माझं नाव सांगितलं. मग वडिलांचं. मग वडिलांचं आडनाव. लग्नानंतर ते तीन शब्द एकापुढं एक मी पहिल्यांदाच उच्चारले.

कुणी हसलं नाही. सरांनी माझं ते नाव भरल्या हॉलसमोर जसंच्या तसं, एक अक्षर न चुकता म्हणून दाखवलं आणि म्हणाले, "हे राहीन माह्या ध्यानात."